धनुष्य सौजन्य

माझ्या डाव्या खांद्यात एक धातूची पट्टी आणि सात स्क्रू आहेत. ते बसवून घेतल्यापासून मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्न ठरलं तेव्हाही मिळाले नव्हते. मासेवालीने दिला, बँकेच्या वॉचमनने दिला, लालबागच्या बाजारात मसाला कुटून देणाऱ्या बाईने तर यंत्र थांबवून दिला. सगळ्यांचा सल्ला एकच, आता पुरे झालं. काय पुरे झालं, हे कुणी बोलून दाखवायचं नाही. पन्नाशीची बाई, खांदा मोडलेला, आणि जाते कुठे, तर मैदानावर बाण मारायला! एवढं म्हटलं की झालं, पुढे आणखी काय बोलायचं, असा प्रत्येकाचा चेहरा असायचा.

तर आधी सांगते, मी बाण मारायला कशी गेले. मुलगी अकरा वर्षांची असताना दादरच्या एका मैदानावर तिला धनुर्विद्येच्या वर्गाला घातली होती. चार महिन्यांत ती कंटाळली. ते चार महिने मी कुंपणाबाहेरच्या बाकड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसायचे, आणि मला काही कंटाळा आला नव्हता. मुलीचं नाव काढायला गेले तेव्हा तिथले सर म्हणाले, बाई, रोज इतकं टक लावून बघता, एकदा हातात तरी धरा. मी धरलं. पहिला बाण कुठे गेला ते अजून सापडलेलं नाही. पण डावा हात सरळ पुढे, उजवा हात हनुवटीखाली, दोरी नाकाच्या शेंड्याला टेकलेली, आणि त्या दोन-तीन सेकंदांत माझ्याकडे कुणीही काहीही मागत नव्हतं. ना ऑफिसातला साहेब, ना घरातलं माणूस. त्या दोन-तीन सेकंदांसाठी मी आठ वर्षं पहाटे पाचला उठले.

घरात कौतुक वगैरे नव्हतं, पण विरोधही नव्हता. नवरा आणि मी एकाच विमा कंपनीत लागलो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. त्याने सुरुवातीला दोन-चार विनोद करून घेतले आणि मग सोडून दिलं. सासूबाई मालवणकडच्या, ऐंशी पार केलेल्या, जीभ मात्र विशीतली. त्या म्हणायच्या, ह्या वयात लोक जपमाळ धरतात, हिने धनुष्य धरलं. मी म्हणायचे, जपमाळेला वेळ आहे. तेवढ्यावर आमचं भागायचं.

आता पडले कशी तेही ऐका, कारण त्याचीच मला अजून चीड येते. आमच्या बिल्डिंगच्या तोंडाशीच मंडळाचा मंडप असतो. बांबू रोवायला दरवर्षी रस्त्यात खड्डे खणतात. विसर्जन झालं की मंडप आठवड्याभरात निघतो, खड्डे मात्र तिथेच. बुजवायचा नियम आहे म्हणतात. आमच्या मंडळाने त्यातल्या एका खड्ड्यावर एक पेव्हर ब्लॉक नुसता ठेवून दिला होता, दिसायला नीट दिसावं म्हणून. मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी, सकाळी सहाला, पाठीवर धनुष्याची बॅग घेऊन मी निघाले आणि त्या ब्लॉकवर पाय ठेवला. ब्लॉक फिरला आणि मी गेले.

पडताना माणसाला वेळ नसतो म्हणतात. मला होता. बॅग खांद्यावरून घसरून पुढे येत होती आणि तिच्यात माझं धनुष्य होतं, वरची पाती, खालची पाती आणि मधली मूठ, तिन्ही भाग सुटे करून पिशव्यांत घातलेले. दोन्ही हातांनी मी ती बॅग वर उचलून धरली. त्यामुळे टेकायला हातच उरले नाहीत आणि सगळं वजन डाव्या खांद्यावर आलं. काडेपेटी पायाखाली यावी तसा आवाज झाला. बॅगला खरचटलंसुद्धा नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

कॉलरबोनचे तीन तुकडे. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, हात झोळीत बांधून मी घरी आले. मंडळाचे सेक्रेटरी आमच्याच तळमजल्यावर राहतात. ते नारळपाणी घेऊन भेटायला आले आणि म्हणाले, वहिनी, बघून चालायचं ना. मी डोळे मिटून घेतले, दुसरं काय करणार होते. खड्डा त्यानंतर दोन दिवसांत बुजला.

मग सुरू झाली परीक्षा. दर पंधरा दिवसांनी मोठे डॉक्टर विचारायचे, केस विंचरता येतात का? कपडे वाळत घालता येतात का? वरच्या फळीवरचा डबा काढता येतो का? हो म्हटलं की ते खूश. तिसऱ्या महिन्यात मी वरच्या फळीवरचा डबा काढला आणि डॉक्टरांनी फाईल बंद केली, म्हणाले, झालात बऱ्या. मी म्हटलं, डॉक्टर, मी धनुष्य धरते, डाव्या हाताने रेटावं लागतं. ते हसले आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाले, आता कशाला. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघून! खांदा माझा, स्क्रू माझ्या हाडात, आणि उत्तर द्यायला नवरा. तोही मान डोलावत बसला होता.

मला ज्या एका माणसाने नीट प्रश्न विचारला ती फिजिओथेरपिस्ट. घोडपदेवची मुलगी, माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. धनुष्य म्हटल्यावर तिने हसायच्या ऐवजी विचारलं, किती पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला जोर किती? मी म्हटलं, अठ्ठावीस. तिने वहीत लिहून घेतलं. मग मला खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधायला लावला, आधी पिवळा, मग लाल, मग हिरवा. भिंतीवर बोटांनी चालत हात वर न्यायचा, ओला टॉवेल धरून हात समोर रोखायचा, दहा आकडे मोजायचे. मार्च गेला, मे गेला. हात थरथरायचा, पट्टीवरची कातडी ओढली जायची, मी गजाला धरून शिव्या द्यायचे. बाहेरच्या खोलीतून सासूबाई म्हणायच्या, "हात मोडलो तरी हौस काय जाणा नाय हिची." कौतुकाने की वैतागाने, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

धनुष्याची बॅग मी कपाटावर ठेवली होती आणि मुद्दाम उघडत नव्हते. उघडली की हात शिवशिवणार, आणि एकदा का वेळेआधी ताणलं की सगळ्यावर पाणी. श्रावण संपता संपता त्या मुलीने परवानगी दिली. हळू, आठवड्यातून दोनदा, एका वेळी तीन बाण, एक जास्त नाही. मी सरांना फोन केला. त्यांनी माझी सकाळच्या बॅचमधली जागा अकरा महिने धरून ठेवली होती, पण आता यादीतली पोरं आणि त्यांचे आईबाप त्यांच्या डोक्यावर बसले होते. गणपतीतला सोमवार, सकाळी सात, तुमचं धनुष्य घेऊन या, असं ते म्हणाले. नाही आलात तर जागा दुसऱ्याला देतो, राग धरू नका. मैदानावरची धनुष्यं नव्या पोरांनाच पुरत नाहीत, हे मला माहीत होतंच.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी, गणपती बसून तिसरा दिवस, मी स्टुलावर चढून बॅग खाली घेतली. घेतानाच ती हलकी लागली. उघडली तर बाणांची नळकांडी होती, हातावर बांधायचा चामड्याचा पट्टा होता, दोरी होती, आणि ज्या तीन पिशव्यांत धनुष्य असतं त्या रिकाम्या, घड्या घालून ठेवलेल्या. किती व्यवस्थित घड्या! चोर असं करत नाही. मी नवऱ्याला फोन लावला. तो बाजारात होता. म्हणाला, अगं, ते मंडळात आहे. सांगायचं राहिलं.

खाली आले. यंदा मंडळाचा देखावा होता सीता स्वयंवर. आमच्या गल्लीत शनिवारी किती रांग असते ते मी सांगायला नको. मी बिल्डिंगची असल्याने बाजूने आत सोडली. आत अंधार. निवेदन सुरू झालं, रेकॉर्ड केलेला भारदस्त आवाज. एकेक राजा पुढे येतो, धनुष्याला हात लावतो, मागे सरतो. मग निळा राम पुढे सरकतो, मोटरवर. धनुष्यावर झोत पडतो. आणि ते धनुष्य, सोनेरी ऑइल पेंट फासलेलं, वर चमकी, मुठीला झेंडूची माळ, दोरीच्या जागी जरीची लेस, ते धनुष्य माझं होतं. रामाचा हात वर गेला, कडाड असा आवाज झाला, झगमगाट झाला, आणि माझ्या धनुष्याची वरची पाती खोबणीतून सुटून खाली लाकडी फळीवर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीतेचा हात माळ घेऊन वर आला. मग दिवे गेले, मागून कुणीतरी पाती उचलून परत खोबणीत घातली, आणि पुढच्या रांगेसाठी पहिला राजा निघाला.

मी तीनदा बघितलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून, दुसऱ्यांदा कुठून ओढतात ते बघायला, आणि तिसऱ्यांदा का ते मला माहीत नाही. तिसऱ्यांदा पाती पडली तेव्हा कडाडच्या खालचा खरा आवाज ऐकू आला, खोबणीतून निसटतानाचा बारीक 'टक'. तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत, तीन दिवस, दर सात-आठ मिनिटांनी!

सेक्रेटरी साउंडच्या टेबलापाशी होते. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. त्यांना खरोखर वाटलं मी कौतुक करायला आलेय. म्हणाले, "वहिनी, एक नंबर चीज आहे तुमची. आम्ही तर फायबरचं करून करवतीने कापणार होतो. हे बघितलं तर आपोआपच तीन तुकड्यांत सुटतं. म्हटलं, बाप्पानेच पाठवलं."

मी त्यांना सांगितलं की ते न्यायला-आणायला सोपं जावं म्हणून सुटतं, मोडून दाखवायला नाही. सांगितलं की ती खोबण एका केसाएवढी झिजली तरी बाण हातभर चुकतो. सांगितलं की सोमवारी सकाळी सातला मला ते हवंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइल खिशात घातला आणि समजूत काढायच्या सुरात म्हणाले की अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ते स्वतः पॉलिश करून आणून देतील. देवापुढचं मधेच काढायचं बरं दिसत नाही. शिवाय रिपोर्टर येऊन गेलेत, रील फिरतंय. पुण्य तुमच्याच नावावर आहे म्हणून त्यांनी बोट दाखवलं. दानशूरांच्या फ्लेक्सवर, फुलवाले आणि लाइटवाले यांच्या खाली, ओळ होती. 'धनुष्य सौजन्य', आणि पुढे माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव. शेवटच्या दिवशी स्टेजवर शाल-श्रीफळही होतं म्हणे. त्यालाच.

मी विचारलं, पण हे घेताना मला एका शब्दाने विचारलं का नाही? मी तुमच्याच डोक्यावर, दोन मजले वर राहते.

त्यांना पहिल्यांदाच जरा अवघड झालं. "वहिनी, खरं सांगू? मिस्टरच म्हणाले, ती आता काही मारायची नाही. घेऊन जा."

वर गेले, नवरा पिशवीतून कोथिंबीर काढत होता. मी त्याला फक्त एवढं विचारलं, असं म्हणालास? तो म्हणाला, हो म्हणजे, तसंच ना. मी आत गेले आणि दार लावून घेतलं. त्यानंतर दोन दिवस आमचं बोलणं बंद. वीस-पंचवीस वर्षांत आमची भांडणं झाली नाहीत असं नाही, पण ती भांडणं होती, तोंडाने केलेली. अकरा महिने मी त्याच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या गजाला पट्टे बांधून ओढत होते, पिवळा, लाल, हिरवा. त्याला काय वाटत होतं, मी गज काढतेय?

रविवारी सकाळची आरती व्हायच्या आधी मी बॅग घेतली, स्क्रू सोडवायची षटकोनी चावी घेतली आणि चपला घातल्या. सासूबाई दारात उभ्या. मला वाटलं अडवणार. त्यांनी काठी घेतली आणि माझ्या पुढे जिना उतरायला लागल्या, एकेक पायरी, कठड्याला धरून. दोन मजले उतरायला आम्हाला चांगली दहा मिनिटं लागली.

मंडपात पाच-सहा कार्यकर्ते, सेक्रेटरी, दोन-तीन शेजारणी. मी सरळ देखाव्यावर चढले. राम, सीता, सगळे राजे बंद मोटरवर आपापल्या जागी उभे होते. मी झेंडूची माळ काढून रामाच्या पायाशी ठेवली आणि चावी लावली. खाली गडबड सुरू झाली. एक शेजारीण म्हणाली, अगंबाई, देवासमोरचं उचलतेय, ह्यांच्या घरात काही बरं-वाईट झालं म्हणजे. सेक्रेटरी पायऱ्यांपाशी आले आणि सासूबाईंना म्हणाले, आजी, तुम्ही तरी सांगा, हे बाप्पाचं आहे आता.

सासूबाईंनी मूर्तीकडे बघितलं, मग सेक्रेटरींकडे. म्हणाल्या, "देवान मागल्यान काय ता तुझ्याकडे?"

मी तिन्ही भाग पिशव्यांत घातले, बॅग उजव्या खांद्यावर टाकली आणि उतरले. नंतर कळलं की दुपारपर्यंत मंडळाने प्लंबिंगच्या पाइपला सोनेरी रंग देऊन नवीन धनुष्य केलं, ते मधोमध कापलं, आणि लोकांनी तेवढ्याच टाळ्या वाजवल्या. एवढं सोपं होतं तर माझंच कशाला लागलं होतं? हा प्रश्न मी अजून सेक्रेटरींना विचारलेला नाही. जिन्यात भेटले की ते फोनवर असतात.

रविवार अख्खा रंग काढण्यात गेला. थिनर, जुनी बनियन, दात घासायचा ब्रश. मुठीचा रंग बराचसा निघाला, खाचांमधली चमकी राहिली. खालची पाती धड होती. वरच्या पातीला खोबणीत बसणाऱ्या टोकापासून बोटभर लांब तडा गेला होता. मी त्यावरून नख फिरवलं, एकदा, दोनदा, की कदाचित रंगाचाच ओघळ असेल. तडाच होता. नवरा दारात येऊन उभा राहिला, बघून गेला. थोड्या वेळाने माझ्या शेजारी चहा आला. मी तो प्यायले, कारण चहाशी माझं भांडण नव्हतं.

सोमवारी सकाळी सहाला मी बॅग घ्यायला गेले तर ती त्याच्या खांद्यावर. डाव्या हाताने वजन उचलायचं नाही असं लिहून दिलंय, म्हणाला, तेही दाराकडे बघून. टॅक्सीत आम्ही दोन खिडक्यांतून दोन बाजूंना बघत दादरला गेलो. आठ वर्षांत तो त्या मैदानावर पहिल्यांदा येत होता.

सरांनी पाती हातात घेतली, उन्हात धरली आणि म्हणाले, ही गेली. ताणलीत तर तोंडावर फुटेल. का, कशी गेली ते त्यांनी विचारलं नाही, मुठीतली चमकी मात्र बराच वेळ बघत राहिले. मग आतून पोरांसाठीच्या पात्यांची जोडी आणली, अठरा पौंडांची. माप एकच असल्याने ती माझ्या मुठीत बसली. अठ्ठावीसच्या जागी अठरा. बारा-तेरा वर्षांच्या मुली त्या ओढतात. लक्ष्यही त्यांनी पुढे आणलं, दहा मीटरवर. मला अपमान वाटला आणि तो वाटू दिल्याबद्दल स्वतःचाच राग आला.

पहिला बाण. डावा हात समोर गेला, आणि जिथे पट्टी आहे तिथे कुणी आतून अंगठा रोवावा तसं झालं. दोरी हनुवटीपर्यंत आली, नाकाला टेकली नाही, सुटली. बाण गवतात. दुसरा लक्ष्याच्या लाकडी पायाला लागून आडवा पडला. तिसरा मी लावला, अर्धा ताणला आणि हात इतका लटपटला की बाण न सोडताच दोरी हळूहळू सैल केली. सर म्हणाले, बसा दोन मिनिटं, घाई कुठे आहे. मी बाकड्यावर जाऊन बसले, त्याच, कुंपणाजवळच्या. नवरा तिथे बॅग मांडीवर घेऊन बसला होता.

तोच आधी बोलला. माझ्याकडे न बघता.

"मी सेक्रेटरीला खोटं काही सांगितलं नाही. तूच म्हणाली होतीस. हॉस्पिटलातून आलीस त्या आठवड्यात. हे देऊन टाक कुणाला तरी, मला पुन्हा नजरेसमोर नको."

आणि ते खरं होतं. मला ते तिथे बसल्या बसल्या लख्ख आठवलं. झोळीतला हात, न्हाणीत स्टुलावर बसलेली मी, केसांना फेस तसाच, एका हाताने धुता येईनात म्हणून हमसून हमसून रडत होते आणि तो मगाने पाणी घालत होता. तेव्हा म्हटलं होतं. त्याने ते ऐकलं, लक्षात ठेवलं आणि दहा महिन्यांनी कुणीतरी मागायला आल्यावर इमानाने पाळलं. मी दोन दिवस त्याला मनातल्या मनात जे जे सुनावत होते, त्यातलं अर्धं माझ्याच तोंडावर येऊन पडलं. वाटलं, मग मी कुणावर चिडलेय? माझ्याच शब्दावर?

पण मग त्या आठवड्यातलं बाकीचंही आठवलं.

"अजून काय काय म्हणाले होते मी तेव्हा?" मी विचारलं.

त्याला आठवेना.

"ह्या घरात पुन्हा पोळपाटाला हात लावणार नाही, असंही म्हणाले होते. त्याच न्हाणीत, त्याच दिवशी. पोळपाट नाही दिलास तो कुणाला."

त्याने बॅगेच्या पट्ट्याची चाप उघडली, लावली, पुन्हा उघडली. समोर एका मुलीचा बाण लक्ष्यात बसला, तिची आई कुंपणाबाहेरून मोबाइल धरून उभी होती. "ते माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. सांगताना त्याचा आवाज असा होता की तो खरंच बोलत होता हे मला कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"येणार कसं," मी म्हटलं. "सातव्या आठवड्यापासून तुला ऑफिसचा पोळीभाजीचा डबा रोज मिळत होता."

आणि मी उठले. माझा एक बाण राहिला होता.